वंशावळीबाहेरच्या स्त्रिया : चिनी स्त्रीलेखन, कुटुंबेतिहास आणि नृत्य

लेखणी कोणाच्या हाती आहे, यावर इतिहासात कोणाला स्थान मिळणार हे पुष्कळ अंशी ठरते. चीनमधील कुलवृत्तान्तांची परंपरा प्राचीन व समृद्ध आहे. परंतु पितृवंशाचा धागा अखंड राखणे हाच त्यांचा हेतू असल्यामुळे त्यांत कन्यांची नोंद बहुधा होत नसे. सुनेच्या नावाऐवजी केवळ तिच्या माहेरचे कुलनाम लिहिले जाई. गृहत्याग केलेल्या स्त्रियांना ग्रंथात स्थान मिळाले, हे खरे. सहाव्या शतकाच्या आरंभी, लिआंग राजवटीत, बाओचांग या भिक्षूने ६५ भिक्षुणींची चरित्रे संकलित केली. हा ग्रंथ अमोल होय. तथापि तेथेही लेखणी पुरुषाचीच होती. सामान्य गृहिणीने स्वतःचे जीवन कोठे नोंदवावे, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

या प्रश्नाला हुनान प्रांतातील जियांगयोंग परगण्याच्या ग्रामीण स्त्रियांनी स्वतःपुरते उत्तर शोधले. 'नुशू' म्हणजे स्त्रियांची लिपी. चिनी चित्राक्षरे प्रायः अर्थवाहक असतात. नुशूचे प्रत्येक चिन्ह मात्र स्थानिक बोलीतील एकेका उच्चाराचे निदर्शक आहे. बारीक, तिरप्या रेषांची ही अक्षरे आई मुलीला, आत्या भाचीला शिकवीत असे. विवाहानंतर तिसऱ्या दिवशी नववधूला मैत्रिणींकडून व आप्त स्त्रियांकडून कापडी वेष्टनाची एक पुस्तिका पाठविली जाई. तिच्या आरंभीच्या पानांवर वियोगाची पद्ये असत आणि उरलेली पाने कोरी ठेवलेली असत. वार्धक्यात अनेक स्त्रिया आपली जीवनकहाणी सप्ताक्षरी पद्यांत रचीत. भरतकाम करीत एकत्र बसलेल्या स्त्रियांमध्ये हे लेखन गायिले जाई. म्हणजेच हे वाङ्मय आरंभापासूनच हात, कंठ आणि सहवास यांवर उभे होते.

त्याची मर्यादाही याच स्वरूपात दडलेली होती. लेखिकेच्या मृत्यूनंतर तिच्या पुस्तिका तिच्यासमवेत पुरण्याची किंवा जाळण्याची प्रथा होती. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) उरलेसुरले लेखनही मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. १९८० च्या दशकात अभ्यासकांचे लक्ष या लिपीकडे वळले, तेव्हा ती जाणणाऱ्या वृद्धा मोजक्याच होत्या. परंपरेने ही लिपी आत्मसात केलेल्या अखेरच्या स्त्रियांपैकी यांग हुआनयी यांचे २००४ मध्ये निधन झाले. २००६ मध्ये चीनने नुशूला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या सूचीत स्थान दिले. लिपीचे जतन झाले. परंतु जिच्या तोंडून ती ऐकावी अशी पिढी निघून गेली.

जेथे असे लेखनही नव्हते, तेथील कुटुंबेतिहास कसा शोधावा? नृत्यकार वन हुई यांचे कार्य या दृष्टीने विचारार्ह आहे. जियांगयोंगच्या परंपरेशी त्यांचा संबंध नाही. त्या युन्नान प्रांतातील. १९९४ मध्ये त्यांनी बीजिंग येथे वू वनग्वांग यांच्यासमवेत स्वतंत्र नृत्यसंस्था स्थापन केली. १९९९ मधील त्यांची प्रसूतिविषयक नृत्यकृती अनेक स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेली होती. २००८ मधील 'स्मृती' या कृतीत रंगमंचावर एक विशाल मच्छरदाणी होती आणि तिचा एक प्रयोग आठ तासांचा होता.

२०११ मध्ये वन हुई युन्नानमधील एका खेड्यात आपल्या एका नातलग वृद्धेला, 'तिसऱ्या आजी'ला, भेटल्या. घरातील बोलण्यात या आजीचा उल्लेखही कधी झाला नव्हता. तिच्या आठवणींवर त्यांनी चित्रपट केला. भूमी-सुधारणेच्या काळात घराण्यावर आलेले प्रसंग तिने त्यात सांगितले आहेत. २०१५ च्या दुसऱ्या चित्रपटात त्या दोघी एकत्र हालचाली करतात. हे नृत्य रंगमंचीय कौशल्याचे नव्हे. वृद्धेच्या नित्य हालचालींना नात सोबत करते आणि तिच्याकडून त्या शिकते.

यास इतिहास म्हणावे काय, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. नृत्यातून सनावळी सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु बांधलेली पावले, लादलेली बाळंतपणे, शेतातील श्रम हे सारे ज्या देहाने भोगले, तो देह साक्षीबाह्य कसा मानता येईल? शब्दांत जे सांगवत नाही ते चालण्या-बसण्याच्या ढबीत टिकून राहते. आणि ते ओळखण्यासाठी तितक्याच निकटतेने जवळ बसावे लागते.

नुशूची पुस्तिका आणि तिसऱ्या आजीचे नृत्य यांतील साम्य हेच आहे. दोन्ही ठिकाणी इतिहास एका स्त्रीकडून दुसरीकडे प्रत्यक्ष सहवासातून जातो. सहवास तुटला की तोही तुटतो. म्हणून अशा संशोधनाला कालमर्यादा आहे. दप्तरखान्यातील कागद काही काळ वाट पाहू शकतो. घरातील वृद्धा वाट पाहू शकत नाही. वंशावळीने जिचे नाव गाळले, तिला विचारण्याचा काळ तिच्या हयातीपुरताच असतो.