निर्वेध मालकीहक्क : मालमत्ता खरेदीदाराचा अधिकार

जबलपूरमध्ये घर किंवा भूखंड घेणाऱ्याच्या हाती नोंदणीकृत खरेदीखत पडले, तरी तेवढ्याने त्याची मालकी निर्विवाद ठरत नाही. विक्रेत्याचा जितका हक्क असेल, तितकाच खरेदीदाराकडे येतो. विक्रेत्याच्या मालकीहक्काची शहानिशा करणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका प्रकरणात ७ एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले आहे.

कायद्यातील तरतूद

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, उलट करार नसल्यास, आपला हक्क अस्तित्वात असून तो हस्तांतरित करण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी विक्रेत्याची हमी गृहीत धरली जाते. खरेदीखतात ती लिहिलेली नसली तरी लागू होते. खरेदीदाराने मागणी केल्यास मालकीची कागदपत्रे तपासणीसाठी सादर करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. खरेदीदाराला सामान्य दक्षतेने कळू न शकणारा मालकीहक्कातील दोष जाणूनबुजून लपविणे ही फसवणूक ठरते. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी दिला होता.

जबलपूरमधील विशेष बाबी

मध्य प्रदेशात सातबाऱ्याऐवजी खसरा आणि फेरफाराऐवजी नामांतरण हे शब्द रूढ आहेत. नामांतरण प्रामुख्याने महसुली कामासाठी असते. त्याने मालकी निर्माण होत नाही. नझूल जमीन शासनाची असल्याने तेथे पट्ट्याची मुदत आणि अटी पाहणे अगत्याचे आहे. छावणी क्षेत्रातील 'ओल्ड ग्रँट' बंगल्यांच्या जमिनीची मालकी केंद्र सरकारकडे असते. राज्याच्या भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६५ अन्वये आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

तीस वर्षांचा शोध

इसारा देण्यापूर्वी वकिलामार्फत साधारणतः ३० वर्षांच्या नोंदी तपासण्याची प्रथा आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार गहाण सोडविण्याच्या आणि शासनाच्या दाव्यांनाही ३० वर्षांची मुदत आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत सर्व वारसांची संमती पाहावी लागते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे.

दोष आढळल्यास

मालकीहक्कातील दोषामुळे खरेदीदाराने योग्य कारणाने ताबा नाकारला, तर आगाऊ दिलेली रक्कम, व्याज आणि इसारा यांसाठी विक्रेत्याच्या त्या मालमत्तेतील हिश्श्यावर त्याचा बोजा राहतो. व्यवहार पूर्ण झाल्यानंतर दोष उघड झाल्यास हमीभंगाबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते.

विकासकाकडून सदनिका किंवा भूखंड घेणाऱ्यांना स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १८ चे अधिक संरक्षण आहे. प्रकल्पाच्या जमिनीची मालकी सदोष असल्याने नुकसान झाल्यास विकासकाने भरपाई द्यावयाची असते आणि या दाव्याला मुदतीची मर्यादा लागू होत नाही. खासगी व्यक्तींमधील पुनर्विक्रीला मात्र हे संरक्षण मिळत नाही. अशा व्यवहारात रक्कम देण्यापूर्वीची तपासणी हाच खरेदीदाराचा मुख्य आधार असतो.