दोन्ही सारखेच असतील, तर?

आजचा विषय कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा, आणि बोलणार आम्ही, तत्त्वज्ञानाचे मास्तर. म्हणजे आधी खुलासा करायला हवा.

२००२ साली अमरावतीतल्या एका कॉलेजला वीस कॉम्प्युटर घ्यायचे होते. खरेदी समितीत आम्हालाही बसवलं होतं. दोन कोटेशनं आली, एक गावातलं, एक अकोल्याचं. प्रोसेसर दोन वेगळ्या कंपन्यांचे. वेग सारखा, किंमत सारखी. चहा दोनदा झाला, निर्णय काही होईना.

आम्हाला तेव्हा बुरिदानचं गाढव आठवलं. चौदाव्या शतकातल्या या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावावर एक गोष्ट खपते. दोन अगदी सारख्या गंजींच्या मधोमध उभं असलेलं गाढव कोणती खावी हे न ठरल्यामुळे उपाशी मेलं. गंमत म्हणजे बुरिदानच्या लिखाणात हे गाढव सापडतच नाही, ते मागाहून लोकांनी त्याला चिकटवलं. पण गोष्टीत एक प्रश्न कोणी विचारत नाही. गंजी सारख्या आहेत, हे ठरवलं कोणी? कोणत्या मापानं?

प्रोसेसरच्या बाबतीत या प्रश्नाला इतिहास आहे. १९८१ साली आलेल्या आपल्या पीसीसाठी आयबीएमनं इंटेलची ८०८८ ही चिप निवडली. पण एवढा मोठा गिऱ्हाईक एकाच दुकानदारावर अवलंबून राहायला तयार नव्हता. तीच चिप बनवणारा दुसरा कारखाना हवा, असा आग्रह होता. त्यातून १९८२ साली इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला. पुढे ३८६ची चिप इंटेलनं एएमडीला दिली नाही. एएमडीनं ती स्वतः तयार करून १९९१ साली बाजारात आणली. कोर्टकचेरी चालली, तडजोड १९९५ साली झाली. म्हणजे बघा, आपल्यापुढे दोन सारख्या वस्तू आल्या त्या आपोआप नाही आल्या. एका गिऱ्हाइकानं हट्ट धरला, म्हणून आल्या.

आता वेगाचं माप. तेव्हा वेग मेगाहर्ट्झमध्ये सांगत. एक बैल पावलं भराभर टाकतो, दुसरा सावकाश पण लांब टाकतो. नुसती पावलं मोजली तर पहिला जिंकतो, तास मोजलं तर निकाल वेगळा लागू शकतो. २००१ साली एएमडीनं अॅथलॉन एक्सपी काढला. त्यातल्या ‘१८००+’ नावाच्या चिपचा खरा आकडा १५३३ मेगाहर्ट्झ होता. कंपनीचं म्हणणं, पावलं मोजू नका, काम मोजा. लोकांनी मात्र ते १८०० पेंटियम ४च्या मेगाहर्ट्झशी ताडून पाहिले. तेव्हा ‘वेग सारखा’ हे कोटेशनवरचे दोन शब्द म्हणजे एक मत होतं, मोजमाप नव्हे.

आमच्या समितीनं यातलं काही विचारलं नाही. जाहिरातीत ज्याचं नाव जास्त, त्याला मतं पडली. आमचंही मत त्यातच होतं. अकोल्याच्या दुकानदारानं मात्र एक प्रश्न विचारला होता. “सर, दोन्ही सारखेच हायेत. पण मे महिन्यात हे बसवणार कुठी? एसी हाय का?” आम्ही हसून सोडून दिलं.

मे आला. अकोला-अमरावतीचा पारा ४५पर्यंत चढतो, हे काय तुम्हाला सांगायचं? पंख्यानं थंड होणारी चिप खोलीतल्या हवेपेक्षा कधीच थंड होत नाही. चालू असताना ती हवेपेक्षा ३५ अंश वर जात असेल, तर २५ अंशांच्या खोलीत ती ६०ला थांबते आणि ४२च्या खोलीत ७७ला पोचते. त्यात धूळ, त्यात लाइन जाणं. दुपारी मशीनं धडाधड बंद पडायची. दोष चिपचा नव्हता, आमचा होता. खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या पोरांचे प्रॅक्टिकलचे तास बुडाले, आणि पैसा त्यांच्याच फीचा होता. ही गोष्ट आम्हाला अजून टोचते.

शेवटचा प्रश्न उद्याचा. अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूर लागतं. त्या तालुक्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्स्प्युटर होते. पण ट्रान्स्प्युटरची पुढची पिढी वेळेवर आली नाही. परम ८६००मध्ये इंटेलचा आय-८६० घेतला, तोही फार वर्षं टिकला नाही. मग परम ९००० आला, तो एका जातीच्या चिपला बांधलेला नव्हता. त्याची एक आवृत्ती सुपरस्पार्कवर, एक अल्ट्रास्पार्कवर, एक अल्फावर. कोणती चिप श्रेष्ठ, या वादापेक्षा उद्या चिप बदलता येईल ना, याची सोय त्यांनी आधी केली.

आपल्या बैलबाजारात शेतकरी हेच करतो. दोन बैल ताकदीला सारखे, भावाला सारखे, तर तो गोठ्यातल्या बैलाकडे बघतो. याच्याशी जोडी कोणाची जमेल? आपल्या काळ्या चिखलात कोण टिकेल? उद्या विकायचा झाला तर कोण घेईल?

दोन वस्तू कागदावर सारख्या झाल्या की कागदाचं काम संपलं. त्यापुढचे प्रश्न आपल्या खोलीचे, आपल्या उन्हाचे, आपल्या पोरांचे असतात. ते विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. आम्ही ते वेळेवर विचारले नाहीत, एवढंच.