लर्चर: चोरट्या शिकाऱ्याचा अबोल सोबती

आपल्याकडे कुत्र्यांचे दोनच प्रकार मानले जातात, जातिवंत आणि गावठी. जातिवंताला किंमत, गावठीला उरलेली भाकरी. या वर्गवारीत कुठेच न बसणारा एक कुत्रा इंग्लंडमध्ये शेकडो वर्षं नांदतो आहे. रविवारी गावाबाहेरच्या पायवाटांवर फिरायला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तो नक्की पाहिला असेल. ग्रेहाउंडसारखी उंच बारीक चण, खोल छाती, आत गेलेलं पोट, पण अंगावर विस्कटलेले राठ केस आणि चेहऱ्यावर पेपर तपासून थकलेल्या प्राध्यापकाचा भाव! मालकाला जात विचारली, तर तो हसून सांगतो, "लर्चर."

वाचकहो, लर्चर ही जात नव्हेच. नजरेने सावज हेरून वेगाने पकडणारा कुत्रा (ग्रेहाउंड, व्हिपेट, डिअरहाउंड, सलुकी यांपैकी कुणीही) आणि कामाचा कुत्रा (कोली, म्हणजे धनगरी कुत्रा, किंवा टेरियर) यांचा हा मुद्दाम केलेला संकर. १८७३ साली स्थापन झालेल्या केनेल क्लबच्या जातींच्या यादीत त्याला आजही जागा नाही. लर्चरवाल्यांना त्याची खंतही नाही. त्यांच्या मते यादीत गेलं की कुत्रा दिसण्यासाठी पैदा केला जातो, कामासाठी नाही.

मी व्यवसायाने आयटीतला, एम.एस्सी.साठी या देशात आलो आणि इथलाच झालो. इतिहास हा माझा शनिवार-रविवारचा छंद. लर्चरची कथा पहिल्यांदा कानावर आली ती अशी: जुन्या काळी गरिबांना ग्रेहाउंड पाळायला बंदी होती. मग त्यांनी ग्रेहाउंडचा दुसऱ्या कुत्र्याशी संकर केला, आणि अधिकारी आला की म्हणायचे, "साहेब, हा कुठे ग्रेहाउंड आहे?" कायद्याला गुंगारा! गोष्ट छान आहे. पण सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक सवय लागते. कुणी काही सांगितलं, तरी मूळ कागद उघडून बघायचा. म्हणून हे जुने कायदे वाचायला घेतले.

१०६६ नंतर नॉर्मन राजांनी देशाचे मोठाले भाग 'फॉरेस्ट' म्हणून राखून ठेवले. फॉरेस्ट म्हणजे नुसती झाडी नव्हे. तिथे गावं होती, शेती होती, पण हरणं राजाची. हरणांना त्रास होऊ नये म्हणून तिथल्या रहिवाशांच्या मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखं तोडली जात. १२१७ साली राजा तिसरा हेन्री लहान असताना निघालेली वनसनद ही प्रजेला दिलासा देणारी सनद समजली जाते. तिच्यात काय सवलत आहे? तर ही तपासणी तीन वर्षांतून एकदाच करावी, पंजाच्या गादीला धक्का लावू नये, आणि ज्याच्या कुत्र्याची नखं तोडलेली नसतील त्याला तीन शिलिंग दंड करावा. दिलासा जर असा, तर आधीची स्थिती काय असेल याची कल्पना करावी.

पुढचा मोठा कायदा १३९० सालचा, दुसऱ्या रिचर्डच्या काळातला. जमिनीचं वार्षिक उत्पन्न ४० शिलिंगांपेक्षा कमी असलेल्या सामान्य माणसाने, आणि १० पौंडांपेक्षा कमी असलेल्या धर्मगुरूने, शिकारीसाठी ग्रेहाउंड किंवा 'दुसरा कुठलाही कुत्रा' ठेवायचा नाही. ठेवला तर एक वर्ष कैद. या कायद्याची प्रस्तावना फार बोलकी आहे. सुटीच्या दिवशी सज्जन लोक चर्चमध्ये असताना कारागीर आणि मजूर शिकारीला जातात, आणि त्या निमित्ताने जमून बंडाची खलबतं करतात, अशी तक्रार तिच्यात आहे. १३८१ सालचा शेतकऱ्यांचा उठाव तेव्हा ताजा होता. म्हणजे काळजी सशांची थोडी आणि माणसांची जास्त.

आणि मग १६७१. या कायद्याप्रमाणे शिकारीचा हक्क कुणाला? ज्याला स्वतःच्या मालकीच्या जमिनीचं वर्षाला १०० पौंड उत्पन्न आहे त्याला (भाडेपट्ट्याची असेल तर १५० पौंड). ग्रामीण मतदारसंघात मतदानासाठी लागणारी अट होती ४० शिलिंग, म्हणजे दोन पौंड! संसदेत माणूस पाठवायला लागते त्याच्या पन्नासपट मालमत्ता एक तितर मारायला लागते, हा टोमणा पुढच्या शतकात खुद्द ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने मारून ठेवला आहे. याच कायद्याने जमीनदाराच्या गेमकीपरला, म्हणजे शिकारीच्या प्राणिपक्ष्यांच्या राखणदाराला, वॉरंट घेऊन गरिबाच्या घराची झडती घेण्याचा आणि सापडलेली बंदूक, जाळं, फेरेट, कुत्रा जप्त करण्याचा अधिकार दिला. जप्त करायच्या वस्तूंच्या यादीत ग्रेहाउंडबरोबर आणखी एक शब्द स्पष्ट लिहिला आहे: 'लर्चर'.

झालं! गुंगाऱ्याची कथा इथेच गळून पडते. १३९०चा कायदा कुठलाही शिकारी कुत्रा धरत होता, आणि १६७१च्या कायद्याने तर लर्चरचं नावच घेतलं होतं. 'हा ग्रेहाउंड नाही' असं म्हणून कुणीही सुटणार नव्हतं. मग हा संकर इतका टिकला का? माझं मत असं की या कुत्र्याचं वेषांतर त्याच्या रूपात नव्हतं, स्वभावात होतं.

जॉन केयस नावाच्या वैद्याने १५७०मध्ये इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये छोटं पुस्तक लिहिलं. १५७६मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. त्यात एका 'चोर' कुत्र्याचं वर्णन आहे. अंधाऱ्या रात्री मालकाच्या हुकमावर वाऱ्याच्या दिशेने सशाचा वास काढत जायचं, आणि भुंकायचं मात्र नाही. लर्चर हे नाव तिथे नाही, पण काम तेच. लर्चर हा शब्दही दबा धरणं, चोरट्यासारखं वावरणं या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाशी जोडला जातो. रोमानी भाषेतल्या 'चोर' या अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं लावणारेही आहेत. १७९०मध्ये थॉमस ब्यूइकने आपल्या चतुष्पाद प्राण्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात लर्चरला स्वतंत्र जागा दिली. ग्रेहाउंडपेक्षा लहान, पायांनी मजबूत, राठ पिवळट केसांचा आणि धूर्त, असं त्याचं वर्णन आहे. म्हणजे स्वभावाची कीर्ती तेव्हाही रूपाच्या बरोबरीने चालत होती.

नुसता ग्रेहाउंड या कामाला का चालत नाही? तो तासाला साठ किलोमीटरच्या पुढे धावतो, पण थोडाच वेळ. कातडी पातळ, काटेरी कुंपणात फाटते. आणि एकदा ससा दिसला की मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. चोरट्या शिकाऱ्याला याच्या उलट हवं होतं. फाटकाला जाळं लावून माणूस आडोशाला बसे. कुत्रा लांबून वळसा घालून सशाला फाटकाकडे हाकत आणी, एकही आवाज न करता. किंवा माणूस सार्वजनिक रस्त्यावर उभा, कुत्रा कुंपणावरून उडी मारून शेतात, आणि ससा तोंडात धरून परत मालकाच्या हातात. यामुळे माणसाचा पाय दुसऱ्याच्या जमिनीला लागतच नसे! (१८६२च्या कायद्याने पोलिसांना रस्त्यावरही संशयितांची झडती घेण्याचा अधिकार दिला, तो अशाच प्रकारांमुळे.) पळताना भुंकणारा लर्चर आजही सदोष समजतात. एक भुंकणं म्हणजे गेमकीपर जागा.

आणि गेमकीपर जागा झाला तर? १८२७पर्यंत रानात तारेला पाय लागताच आपोआप उडणाऱ्या बंदुका लावायला परवानगी होती. १८२८च्या कायद्यात रात्रीच्या चोरट्या शिकारीला पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी, दुसऱ्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत, आणि तिसऱ्या खेपेस सात वर्षं काळं पाणी, म्हणजे समुद्रापार रवानगी होऊ शकत असे. यात साधे बिळातले ससेही आले. बापाची तिसरी खेप असेल, तर कुत्र्याच्या गप्प राहण्यावर अख्ख्या घराचं भवितव्य टांगलेलं. गेमकीपर दिसताच मालकाला ओळख न दाखवता एकटाच घरी जाणाऱ्या लर्चरच्या गोष्टी खेड्यांत सांगतात. त्यातल्या किती खऱ्या ते सोडा, पण लोकांना कुत्र्याकडून काय हवं होतं ते त्यातून कळतं.

असा स्वभाव पिल्लात आणायचा कसा? लर्चरवाल्यांचे यावर पिढ्यानपिढ्या वाद चालू आहेत. कोलीच्या रक्ताने समज, आज्ञाधारकपणा, दमसास आणि भक्कम पंजे येतात, पण वेग घटतो. म्हणून अर्ध्या कोली मादीला पुन्हा ग्रेहाउंड दाखवून पाऊण ग्रेहाउंड पिल्लं काढणं अनेकांच्या पसंतीचं. बेडलिंग्टन टेरियर आणि व्हिपेटचा संकर लहान, चपळ आणि सशांवर तुटून पडणारा. सलुकीच्या संकराला दम अफाट, पण हाक मारली तर विचार करून येणार! पहिल्या संकराची पिल्लं बहुधा एकमेकांसारखी निघतात. लर्चरला लर्चर दाखवला की मात्र पत्ते पुन्हा पिसले जातात. एकाच वेताचं एक पिल्लू ग्रेहाउंडसारखं गुळगुळीत, दुसरं धनगरी कुत्र्यासारखं केसाळ, आणि स्वभावही तितकेच वेगवेगळे.

यावर शास्त्र काय म्हणतं? अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग केले. त्यांचं पुस्तक १९६५चं. क्वचितच भुंकणारा बसेंजी आणि बडबड्या कॉकर स्पॅनियल यांचा संकर केला, तेव्हा पिल्लं बरीचशी कॉकरच्या वळणावर गेली. यावरून लर्चरबद्दल थेट निष्कर्ष काढणं बरोबर नाही, पण गप्पपणा हा संकराबरोबर फुकट मिळणारा गुण नाही, एवढं दिसतं. तो पिल्लागणिक पारखून आणि शिकवून टिकवावा लागतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाची माणसांशी ओळख व्हावी लागते, नाहीतर ते बुजरं राहतं, हेही त्यांनीच ठामपणे मांडलं. पुढे २०२२मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८,३८५ कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकाचा जेमतेम ९ टक्के भाग जातीने स्पष्ट होत होता. तेव्हा 'अमुक संकर म्हणजे तमुक स्वभाव' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात लांब राहावं.

इथे आपला मुधोळ हाउंड आठवणं साहजिक आहे. दख्खनच्या पठारावरचा तोही उंच, सडपातळ, नजरेने शिकार करणारा. पण त्याला मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि तो मानाने जातिवंतांत गेला. लर्चरला राजाश्रय कुठला? राजाचा शिपाई त्याच्या मागावर!

१८३१मध्ये मालमत्तेची अट गेली. १८८०मध्ये कुळांना आपण कसत असलेल्या जमिनीवरचे ससे मारायचा हक्क मिळाला. भूमिहीन मजूर मात्र होता तिथेच राहिला. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर १९५४पर्यंत मांस रेशनवर असताना, रेशनबाहेरचा ससा म्हणजे कितीतरी घरांची मेजवानी होती. १९५३मध्ये केंट परगण्यात मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला आणि दोन-तीन वर्षांत देशातले बहुतेक ससे मेले. लर्चरचं पोटापाण्याचं काम तिथेच संपलं म्हणायचं.

मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण इंग्रज रॅबिट आणि हेअर यांत फरक करतो. बिळात राहणारा तो रॅबिट, उघड्या रानात राहणारा तो हेअर. (आपल्या माळरानावरचा रानससा हा हेअरच.) २००४चा शिकारबंदी कायदा इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी २००५मध्ये लागू झाला. तेव्हापासून कुत्रा हेअरच्या मागे सोडणं गुन्हा ठरलं. जमीनमालकाच्या संमतीने रॅबिटची शिकार मात्र चालते. तरीही पूर्व इंग्लंडच्या सपाट शेतांवर टोळ्या येतात, सलुकीच्या संकराचे कुत्रे हेअरवर सोडतात, पैजा लावतात, फाटकं तोडतात, शेतकऱ्याला धमकावतात. २०२२च्या कायद्याने यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची आणि कुत्रे पाळण्यावर बंदीची तरतूद केली. या मंडळींना जुन्या चोरट्या शिकाऱ्याच्या पंक्तीला बसवणं मला पटत नाही. त्याच्या घरी चूल पेटायची होती, यांच्या खिशात पैजेचे पैसे आहेत. मधल्या मध्ये जखमी झालेली, नकोशी झालेली कुत्री रस्त्यावर सोडली जातात आणि प्राणिसंस्थांच्या आश्रयाला येतात.

तिथून लर्चर घरी आणणारी कुटुंबं पुष्कळ आहेत, आपल्या मंडळातही कुणी विचार करत असेल. शेकडो वर्षं गप्प राहण्यासाठी निवडलेला हा कुत्रा घरात खरोखरच गप्प असतो. सकाळ-संध्याकाळ पळवून आणला, की उरलेला दिवस सोफा त्याचा. मुलांशी बहुतेक मायाळू असतो, पण २०२२ची ती आकडेवारी ध्यानात ठेवून प्रत्येक कुत्रा भेटूनच पारखावा. घरात मांजर असेल तर संस्थेला आधी विचारावं. परसाचं कुंपण सहा फुटांचं असलेलं बरं, कारण उडी वाडवडिलांकडून आलेली आहे. आणि टेबलावर झाकण न ठेवता चिकनचा रस्सा ठेवून फोन घ्यायला जाऊ नये. परत येईपर्यंत भांडं स्वच्छ असेल आणि आवाज म्हणाल तर झालेला नसेल.