रायफलीच्या नळीतलं मीठ

 

झाशी म्हटलं की किल्ला आला, कडक बिजली तोफ आली आणि राणीसाहेब आल्याच. आजचा विषय मात्र गोळी सुटल्यानंतरचा आहे. नळीत मागे काय उरतं आणि ते काढलं नाही तर काय होतं, हे आज पाहू. बंदूक पुसणं हा काय इतिहासाचा विषय झाला, असं कुणी म्हणेल. पण १८५८ च्या मे महिन्यात, झाशीहून काल्पीकडे निघालेल्या इंग्रज फौजेचा डाव याच कारणाने उलटायची वेळ आली होती.

सर ह्यू रोज २१ मार्च १८५८ ला झाशीपुढे आला. १ एप्रिलला बेतवा नदीच्या काठी तात्या टोप्यांची फौज मागे हटली, ३ तारखेला शहरावर हल्ला झाला आणि ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडल्या. त्या वेळी आपल्या कोकणातले वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीतच होते, हे ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्यांना माहीत आहेच. ७ मे रोजी कोंच इथे लढाई झाली. मग २२ मे रोजी काल्पीजवळ गोलौलीला रावसाहेब पेशवे, बांद्याचे नवाब आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या फौजेने चढाई केली. इंग्रजांची फळी मागे रेटली गेली. रोज स्वतः उंटांवरची तुकडी घेऊन धावला, शिपाई खाली उतरवले आणि संगिनीने वेळ निभावली.

संगिनीवर यायची पाळी का आली? इंग्रजांकडे १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल होती. संख्या कमी असली तरी लांबचा अचूक मारा ही त्यांची मोठी ताकद. रोजच्या अहवालात या आशयाची नोंद आहे की, उष्णतेमुळे आणि इतर कारणांनी दारूगोळ्यावर असा परिणाम झाला की रायफल भरणं अवघड झालं आणि मार बेभरवशाचा झाला.

कारण समजून घ्या. काळी दारू पेटली की तिचा धूर होतोच, पण निम्म्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपाने मागे राहतं. दमट हवेत ही राख मऊ राहते. बुंदेलखंडातल्या मे महिन्याच्या लू मध्ये ती नळीत खापरासारखी कडक होते. एन्फिल्ड तोंडाकडून भरायची, नळीला आतून आटे, गोळी जवळजवळ घट्ट बसणारी. दहा-वीस बारांनंतर गज ठोकून गोळी उतरवावी लागे. काडतुसाला जी चरबी लावत, ती याच राखेला मऊ ठेवण्यासाठी आणि गोळी सहज खाली जाण्यासाठी. जिच्यावरून १८५७ चा भडका उडाला, ती चरबी मुळात नळीतल्या घाणीवरचा उपाय होती!

त्या काळी लढाई संपली की नळी गरम पाण्याने धुवायची हा दंडक होता. काळ्या दारूची राख पाण्यात विरघळते, पाणी गरम असलं की नळी तापते आणि लवकर सुकते. ही रीत लक्षात ठेवा.

पुढे १८९० च्या आसपास काळी दारू गेली, धूर न करणारी कॉर्डाइट आली. भारतात अरुवंकाडूला कॉर्डाइटचा कारखाना निघाला, इच्छापूरला रायफली बनू लागल्या आणि आपल्या पुण्याजवळच्या खडकीत, १८६९ पासून चालू असलेल्या कारखान्यात, .३०३ ची काडतुसं बनू लागली. जुन्या खोलाच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ अशी अक्षरं दिसली, तर ती काडतुसं खडकीची. दोन महायुद्धांत ती कुठच्या कुठे गेली.

आता राख कमी झाली, म्हणून सगळ्यांना वाटलं सफाईचा त्रास संपला. झालं उलटंच. वरून चकचकीत दिसणाऱ्या, तेल लावून ठेवलेल्या नळ्या आतून गंजू लागल्या. बरीच वर्षं दोष नव्या दारूवर टाकला जात होता. १९२२ मध्ये अमेरिकेच्या खाण खात्यातल्या विल्बर्ट हफ या संशोधकाने खरा गुन्हेगार दाखवला. तो दारूत नव्हता, काडतुसाच्या बुडातल्या टोपीत होता.

त्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. घोडा पडला की ते आपला ऑक्सिजन देऊन टाकतं आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचा चुलतभाऊच. त्याचा बारीक थर नळीत, चेंबरात, बोल्टच्या तोंडावर बसतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच इथे होतं. हवेतला ओलावा ओढला जातो आणि त्या खाऱ्या ओलीत पोलाद गंजतं.

तेलाने भागत नाही ते यामुळेच. मीठ तेलात विरघळत नाही, रॉकेलातही नाही. वरून तेल चोपडलं तर मीठ त्याखाली जसंच्या तसं बसून राहतं. मीठ काढायचं तर पाणीच हवं. जुन्या शिपायांची गरम पाण्याची रीत अशी शास्त्राच्या आधीच बरोबर निघाली होती.

झाशीत एक जास्तीचा धोका आहे. एप्रिल-मे मध्ये इथे हवा इतकी कोरडी असते की मीठ नळीत नुसतं झोपून राहतं. आठवड्याने पाहिलं तरी नळी आरशासारखी. जून संपता संपता पहिला पाऊस येतो, हवा दमट होते आणि ते मीठ जागं होतं. कोकणातला माणूस दुसऱ्याच दिवशी गंज पाहून सावध होतो. इथला माणूस महिनाभर फसतो.

आता प्रत्यक्ष सफाई. आधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. रायफल खाली आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग बोल्ट काढा. चेंबरच्या बाजूने नरसाळं लावून उकळतं पाणी नळीतून सोडा. लाकडी भागावर पाणी जाऊ देऊ नका, हाताला फडकं गुंडाळा. बोल्टचं तोंडही गरम पाण्याच्या चिंदीने पुसा. मग पुल-थ्रू, ज्याला आमचे जवान फुलथ्रू म्हणतात. चार बाय दोन इंचाची कोरडी चिंदी लावून चेंबरकडून तोंडाकडे एका दमात, सरळ रेषेत ओढायची. दोरी तिरकी ओढली तर नळीचं तोंड एका बाजूने झिजतं आणि नेम कायमचा जातो. चिंदी कोरडी आणि स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवा. त्यानंतर चार बाय दीडची तेलाची चिंदी. आणि पुढचे दोन-तीन दिवस नळी पुन्हा बघा, पुन्हा पुसा.

जर्मनीत १९२० च्या दशकाच्या शेवटी क्लोरेट नसलेली टोपी आली. सैन्यांनी मात्र ती सावकाश स्वीकारली, कारण जुनी टोपी वर्षानुवर्षं साठवली तरी दगा देत नसे. रशियनांनी एके-४७ च्या नळीला आतून क्रोमचा मुलामा दिला, त्यामागेही या मिठाची धास्ती होती.

आपल्याकडे .३०३ निषिद्ध बोअरमध्ये मोडते, त्यामुळे बाजारात जुनी काडतुसं घेण्याचा प्रश्न येत नाही. पण अमेरिकेत राहणारी आपली काही मंडळी हौसेने इच्छापूरची जुनी रायफल घेतात आणि लष्करातून निघालेली स्वस्त काडतुसं वापरतात. त्यांना माझं सांगणं एवढंच: काडतूस नुसतं बघून आतली टोपी खारट आहे की नाही, हे कळत नाही. शंका असेल तर खारट समजा आणि त्याच संध्याकाळी पाणी उकळायला ठेवा.

इथल्या उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर .३०३ ला निरोप दिला. इतकी वर्षं ती टिकली, त्याचं श्रेय बनवणाऱ्यांना आहेच. तितकंच ते कोतमध्ये बसून रोज चिंदी ओढणाऱ्या, कुठल्याही पुस्तकात नाव नसलेल्या जवानांना आणि शिपायांना आहे. गोलौलीला जे झालं, ते पुन्हा होऊ नये याची काळजी तेच घेत होते.

तुमच्या घरात कुणी फौजेत किंवा पोलिसांत .३०३ वापरली असेल, तर त्यांना गरम पाण्याची गोष्ट जरूर विचारा. पुढच्या भागात खडकीच्या कारखान्याकडे वळू. जय हिंद.