'चॅरिटी' की 'लव्ह'? : एका शब्दावरचा वाद

'चॅरिटी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दानपेटी आणि पावतीपुस्तक उभे राहते. आपल्या राज्यातील 'चॅरिटी कमिशनर'ला मराठीत 'धर्मादाय आयुक्त'च म्हणतात. परंतु मूळ लॅटिन 'कारितास' या शब्दात दान गौण आहे. 'कारुस' म्हणजे प्रिय, मोलाचा. त्यावरून 'कारितास' झाला. नव्या करारातील 'अगापे' या ग्रीक शब्दासाठी लॅटिन बायबलने अनेक ठिकाणी तो योजला आणि पुढे फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत उतरला.

१५२६ साली विल्यम टिंडेल याने ग्रीकवरून केलेला इंग्रजी नवा करार छापून निघाला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात त्याने 'चॅरिटी' वगळून 'लव्ह' घातले. संत थॉमस मोर यांनी १५२९ मध्ये ग्रंथ लिहून त्यावर कडक हरकत घेतली. 'लव्ह' कोणत्याही आसक्तीला लागू पडते. देवावरची व देवासाठी शेजाऱ्यावर करायची निर्मळ प्रीती ती 'चॅरिटी', हा भेद पुसला जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. (टिंडेलने 'चर्च'चे 'काँग्रिगेशन' आणि 'प्रीस्ट'चे 'सीनिअर' केले होते, त्यामुळे मोर यांचा संशय बळावला, हेही ध्यानात घेतले पाहिजे.) १५३१ मध्ये टिंडेलने उत्तर दिले. लोकांच्या तोंडी 'चॅरिटी' म्हणजे भिक्षादान असाही अर्थ रुळला आहे. शिवाय देवाला 'चॅरिटी' करा असे कोणी म्हणत नाही, 'लव्ह' करा असेच म्हणतात! आमच्या मते हा युक्तिवाद बिनतोड होता. मोर यांची भीतीही पोकळ नव्हती. आजच्या चित्रपटांच्या जाहिराती पाहिल्या की ते पटते.

राजाला चर्चचा प्रमुख मानण्यास नकार दिल्याने १५३५ मध्ये मोर यांचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सजवळ टिंडेलला पाखंडी ठरवून, गळा आवळून जाळण्यात आले.

वाद मात्र दोघांच्या मागे उरला. १५८२ च्या कॅथलिक ऱ्हीम्स नव्या कराराने 'चॅरिटी' ठेवले, यात नवल नाही. नवल आहे ते १६११ च्या किंग जेम्स बायबलचे. टिंडेलच्या कितीतरी ओळी उचलणाऱ्या त्या प्रॉटेस्टंट भाषांतराने तेराव्या अध्यायात मोर यांचाच शब्द घेतला आणि योहानाच्या पत्रात मात्र 'लव्ह' राहू दिले. दरम्यान १६०१ च्या कायद्याने गरिबांना मदत, शाळा, पुलांची दुरुस्ती अशी कामे 'चॅरिटी'च्या खाती जमा केली होती. तो अर्थ इतका पक्का झाला, की १८८१ च्या सुधारित आवृत्तीने तेराव्या अध्यायात 'लव्ह' परत आणले. १९६६ च्या कॅथलिक जेरुसलेम बायबलमध्येही 'लव्ह'च आले.

मराठी बायबलात तेथे 'प्रीती' आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या २००५ च्या परिपत्रकाच्या लॅटिन नावात 'कारितास' आहे. त्याच्या इंग्रजी अनुवादाची सुरुवात मात्र टिंडेलच्या शब्दाने होते.