नाशिक ते नाशिक

काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात रुजली. कायदेभंगाच्या चळवळीतले जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता तिथे बंदिवान होते. मे १९३४ मध्ये आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली पाटण्याला परिषद भरली. स्वातंत्र्य काँग्रेसमधूनच मिळवायचे, पण जमीन आणि कारखान्यांच्या मालकीचा प्रश्न लांबणीवर टाकायचा नाही, ही त्यांची भूमिका. जूनमध्येच काँग्रेस कार्यकारिणीने मालमत्ता जप्तीच्या आणि वर्गयुद्धाच्या भाषेला ठरावाने विरोध केला.

तरीही परकी सत्ता समोर असेपर्यंत दोघे एका छपराखाली नांदले. १९४८ च्या आरंभी काँग्रेसने पक्षांतर्गत पक्षाला मनाई केली आणि मार्चमध्ये नाशिकच्याच अधिवेशनात समाजवाद्यांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. काँग्रेसच्या तिकिटावर मिळालेली आमदारकी नरेंद्र देवांनी सोडली, फैजाबादची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. त्यांना हरवणारे काँग्रेसचे बाबा राघवदास मूळचे पुण्याचे.

त्या राजीनाम्यातली नीती मला मोलाची वाटते. पण हिशेब तिथे संपत नाही. १९५५ मध्ये आवडीला काँग्रेसनेच समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. कूळकायदे, जमीनधारणेची कमाल मर्यादा यांची अंमलबजावणी मात्र पुढे बहुतेक राज्यांत रेंगाळली. तेव्हा पक्षाच्या बैठकीत उठून जाब विचारू शकणारी माणसे विरोधी बाकांवर होती. या फुटीची किंमत मी दोन्ही पक्षांपेक्षा कुळाच्या खात्यावर मांडतो.