शर्यत थांबली, जनावराचे पुढे काय?

नागपूर : ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती बंद करण्याचा निर्णय न्यूझीलंड सरकारने १० डिसेंबर २०२४ रोजी जाहीर केला. शर्यती थांबविण्यासाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. सुमारे २,९०० कुत्र्यांसाठी नवी घरे शोधावी लागतील, असा अंदाज होता. दरम्यानच्या काळात नकोसे झालेले कुत्रे मालकांनी ठार मारू नयेत, यासाठीचा कायदाही तातडीने करण्यात आला. म्हणजे बंदीबरोबरच शर्यतीनंतरच्या जनावराचा विचार झाला होता.

विदर्भाला हा प्रश्न नवा नाही. येथे ग्रेहाउंडच्या जागी पटाचा बैल आहे.

शंकरपट हा विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीचा पारंपरिक प्रकार. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. झाडीपट्टीत तर दिवसा पट आणि रात्री नाटक अशी प्रथाच आहे. पटाच्या बैलाला सरकी, ढेप, दूध, प्रसंगी अंडीही खाऊ घातली जातात. औताला तो सहसा जुंपला जात नाही. साहजिकच शर्यत संपली की या बैलाला शेतात दुसरे काम उरत नाही.

केंद्र सरकारने २०११ मध्ये खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टूसह महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. चाबूक, टोचणी आणि शेपटी पिळणे यांसारखे प्रकार पाहता या निकालामागील कारणे नाकारता येणार नाहीत. मात्र गोठ्यात बांधलेल्या शेकडो जोड्यांच्या पुढील पोषणाची कोणतीही व्यवस्था त्या वेळी उभी राहिली नाही. त्यातच मार्च २०१५ पासून राज्यात बैल व वळूंच्या हत्येसही बंदी आली. थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक मिळेनासे झाले. खर्च तेवढा मालकाकडे राहिला.

कुत्रा आणि बैल यांतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो. ग्रेहाउंड चार-पाच वर्षांचा होताच निवृत्त होतो, पण तो शांत स्वभावाचा असल्याने शहरी कुटुंबात सहज रुळतो. परदेशांत दत्तक योजना त्यामुळेच चालल्या. बैलाला सदनिकेत कोण दत्तक घेणार? त्याला रोजचा चारा, पाणी, गोठा आणि माणूस लागतो, तोही अनेक वर्षे. त्यामुळे बैलाची सुटका म्हणजे प्रत्यक्षात गोशाळाच. नागपुरात धंतोलीची गोरक्षण सभा आणि रामटेक तालुक्यात देवलापारचे गोविज्ञान अनुसंधान केंद्र अशा संस्था आहेत, पण त्यांच्यावर भाकड गायींचाही भार असतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये गोशाळांना प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदान जाहीर केले, तेही देशी गायींसाठी.

पुढे राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. पट पुन्हा भरू लागले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यकीय तपासणी आता बंधनकारक आहे. नियमभंगासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. या साऱ्या नियमांचा रोख शर्यतीच्या दिवसावर आहे.

शर्यती सुरू झाल्याने निवृत्त बैलाचा प्रश्न मिटला, असे म्हणता येत नाही. उलट पळणाऱ्या जोड्या वाढल्या की थकणाऱ्याही वाढणार. वर्धा जिल्ह्यातील चपळ गवळाऊ जातीच्या जतनासाठी पट आवश्यक आहे, असा पटशौकिनांचा युक्तिवाद असतो. तो मान्य केला, तरी जतन केवळ धावत्या बैलाचे होऊन चालणार नाही. जनावरांच्या कानातील १२ अंकी बिल्ल्यामुळे प्रत्येक बैलाची नोंद ठेवणे आज शक्य आहे. पटाला परवानगी देताना प्रवेश शुल्कातील ठरावीक वाटा निवृत्त बैलांच्या चाऱ्यासाठी राखून ठेवण्याची अट जिल्हा प्रशासनाने सुचविली, तर लाखोंची बक्षिसे लावणाऱ्या आयोजकांना ती जड जाऊ नये.